वॉर्म-अप सेटमध्ये फ्लोर भरावा कसा, आणि मुळात भरावा का?

पुण्यातील कोरेगाव पार्क भागातल्या एका क्लबमध्ये येत्या शनिवारी तुमचा पहिला वॉर्म-अप सेट आहे. रात्री ९ ते ११:३० तुम्ही वाजवणार आणि त्यानंतर युरोपातून आलेला एक टेक्नो डीजे १:३० वाजता क्लब बंद होईपर्यंत वाजवणार. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. समोरचा फ्लोर रिकामा असताना लोकांना नाचायला कसे आणावे. मॅनेजरने "दहापर्यंत फ्लोर भरलेला दिसला पाहिजे, वेळ पडली तर ओळखीची गाणी लाव" असे बजावले आहे, त्याला काय उत्तर द्यावे. आणि मित्रमंडळींना बोलवावे की नाही. मी गेली १८ वर्षे मुंबई, पुणे आणि गोव्यात हेच काम करीत आलो आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी आधी वाजवण्यात गेल्या आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमची खरी अडचण फ्लोर भरण्याची नाही, असे मला वाटते. पुण्यात शनिवारी लोक जेवून, एखाद्या मित्राच्या घरी रेंगाळून, मग साडेदहाच्या सुमारास क्लबकडे निघतात. जे अजून दारात आलेलेच नाहीत त्यांना ९:३० वाजता कोणतेही संगीत नाचवू शकत नाही. अकराच्या आसपास फ्लोर बहुधा आपल्या पायांनी भरतो. तुमच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे ११:३० वाजता तुम्ही पाहुण्याच्या हवाली जी खोली कराल ती कोणत्या अवस्थेत असेल. लोक आत असावेत, त्यांचे पाय हलू लागलेले असावेत, कान ताजे असावेत आणि त्यांना अजून काहीतरी हवे असावे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक नवे डीजे पहिल्या तासाभरातच खर्च करून टाकतात.

पुढे जे सांगणार आहे ते सगळे तुम्हाला जसेच्या तसे लागू होईल असे नाही, कारण तीन बाबी तुम्ही प्रश्नात दिलेल्या नाहीत. पहिली म्हणजे रात्र तिकिटाची आहे की नुसत्या कव्हर चार्जची. तिकीट काढून आलेला माणूस पाहुण्यासाठी आलेला असतो आणि तो तुम्हाला वेळ देतो. कव्हर चार्ज भरून आलेल्याला पाहुण्याचे नावही ठाऊक नसते आणि त्याची पहिली दोन पेये होईपर्यंत संगीत हे त्याच्या गप्पांमागचे पार्श्वसंगीत असते. दुसरी बाब म्हणजे क्लब चार भिंतींच्या आत आहे की गच्चीवर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंदिस्त जागेला मात्र सवलत आहे. त्यामुळे जागा अर्धी उघडी असेल तर दहाच्या ठोक्याला आवाज खाली येईल किंवा सगळी गर्दी एकदम आतल्या खोलीत येईल, आणि तुमच्या सेटचा आराखडा त्या क्षणाभोवती रचावा लागेल. तिसरी बाब पाहुण्याची. टेक्नो हा शब्द आता इतका पसरट झाला आहे की १२८ बीपीएमचा (म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा) संथ, संमोहक टेक्नो वाजवणारा आणि १४५ च्या पुढे धावणारा हे दोघेही त्याच नावाने तिकिटे विकतात. त्याचे अलीकडचे दोन-तीन पूर्ण सेट ऐका, आणि विशेषतः पहिली वीस मिनिटे ऐका, कारण तुम्हाला तिथपर्यंतच पोहोचवून द्यायचे आहे.

आता ही वॉर्म-अपची भानगड आली कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की बाकीचे आपोआप उलगडते. शिकागोच्या वेअरहाउस या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स किंवा न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराजमध्ये लॅरी लेव्हान वाजवीत असत तेव्हा, म्हणजे १९७७ नंतरच्या त्या काळात, क्लबची ओळख बाहेरून येणाऱ्या पाहुण्यावर नव्हे, तर त्या घरच्या डीजेवर उभी असे. दार उघडल्यापासून सकाळपर्यंतची चढण, पठार आणि उतार हे सगळे एकाच हाताचे काम होते. पुढे पाहुणे बोलावण्याची पद्धत रुळली, रात्रीचे तुकडे पडले आणि चढणीचा तुकडा एकाच्या, तर शिखराचा दुसऱ्याच्या वाट्याला आला. याचा अर्थ असा की तुम्ही अडीच तासांचा स्वतंत्र कार्यक्रम करीत नसून साडेचार तासांच्या एका रात्रीचा पहिला भाग वाजवत आहात, आणि दुसरा भाग वाजवणाऱ्या माणसाला तुम्ही कदाचित अजून भेटलेलाही नाही. तमाशात गण गाणाऱ्याने वगाचा शेवट आधीच सांगून टाकला तर पुढच्यांनी करायचे काय, असा साधा हिशेब आहे.

त्यात आपल्याकडे वेळ कमी. बर्लिनचा बर्गहाइन हा क्लब शनिवारी रात्री उघडतो तो सोमवारी सकाळपर्यंत चालतो, त्यामुळे तिथे सुरुवात करणाऱ्याला चार तास रेंगाळता येते आणि कोणी घड्याळ दाखवत नाही. आपल्याला दीडला दिवे लावायचे असतात. म्हणून परदेशी डीजेंच्या मुलाखती ऐकून "पहिला तासभर नुसते ढगांसारखे संगीत वाजवावे" असा सल्ला कोणी दिला तर तो पुण्यात अर्धाच घ्यावा. आपली चढण थोडी खडी असते, पण ती चढणच असते.

सर्वांत आधी आवाजाबद्दल बोलतो, कारण माझ्या अनुभवात वॉर्म-अप बिघडतो तो गाण्यांच्या निवडीपेक्षा आवाजाने. रिकामी खोली आणि भरलेली खोली या ध्वनीच्या दृष्टीने दोन वेगळ्या खोल्या असतात. माणसांची शरीरे आणि कपडे मधले व वरचे स्वर शोषून घेतात. ती नसतात तेव्हा हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आणि टाळ्यांचे आवाज काच, काँक्रीट व फरशीवर आपटून परत येतात आणि कानात टोचतात. ९:१५ वाजता बारपाशी उभी असलेली दोन माणसे एकमेकांच्या कानाशी वाकून ओरडू लागली, तर ती थोड्या वेळात बाहेरच्या बाजूला जाऊन बसतात आणि मग तुम्ही फ्लोर रिकामा आहे म्हणून आणखी जोरात वाजवू लागता. हे चक्र मी असंख्य वेळा पाहिले आहे. म्हणून पहिल्या तासासाठी ट्रॅक निवडताना त्याची किक, म्हणजे ड्रमचा मुख्य जड ठोका, किती दणकट आहे यापेक्षा त्याचे हॅट किती मऊ आहेत ते पाहा.

बेसचे गणित आणखी वेगळे. ५० हर्ट्झच्या स्वराच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, म्हणजे क्लबच्या खोलीच्या लांबी-रुंदीच्या आसपास, आणि त्यामुळे हा स्वर खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही; कोपऱ्यात तो साचतो आणि मधोमध कुठेतरी नाहीसा होतो. कन्सोलच्या, म्हणजे डीजेच्या यंत्रांच्या, जागी बेस पातळ वाटला म्हणून बेसचे बटण वर करणारा डीजे भिंतीलगतच्या टेबलांवरचे ग्लास थरथरवत असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. यावर उपाय एकच. संध्याकाळी ७:३० च्या सुमारास पोहोचा, तुमच्या चांगल्या ओळखीचा एक ट्रॅक लावा आणि खोलीत चारी बाजूंनी चालून या. कन्सोलपाशी काय ऐकू येते आणि फ्लोरच्या मध्यावर काय ऐकू येते यांतला फरक डोक्यात नोंदवून ठेवा. साउंड सांभाळणाऱ्या माणसाचे नाव विचारून घ्या. रात्रभरात मॅनेजरपेक्षा त्याची गरज तुम्हाला जास्त वेळा पडेल.

आवाज किती ठेवावा, याचे माझे आकडे सांगतो. फ्लोरच्या मध्यावर फोनमधल्या मीटरने मोजले तर ९:३० ला मी ८७ डेसिबलच्या आसपास असतो, साडेदहाला ९२, आणि ११:३० ला ९५ किंवा ९६. पाहुण्यासाठी वर निदान ३ ते ४ डेसिबल शिल्लक ठेवतो. हे कंजूषपणाने नव्हे. मोठ्या आवाजात काही वेळ राहिले की कान तात्पुरते बधिर होतात, मग तोच आवाज कमी वाटू लागतो आणि तेवढाच परिणाम साधायला आणखी आवाज लागतो. ३ डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करायची. तुम्ही दहा वाजता १०० डेसिबल गाठले, तर साडेअकराला पाहुण्याकडे वाढवायला जागा उरत नाही, यंत्रणेचे लिमिटर आवाज दाबू लागतात आणि सगळेच ट्रॅक सारखे, चपटे ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक काढले त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. अमेरिकेतील एनआयओएसएच ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगते आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. नाचायला आलेला माणूस महिन्यातून एकदा येतो. आपण आठवड्याला तीनदा तिथे उभे असतो. माझ्या डाव्या कानात २०१४ पासून एक बारीक शिट्टी वाजत असते आणि ती रात्री झोपताना जास्त ऐकू येते. बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेजवळचा स्पीकर, दोन ट्रॅक जोडतानाच वर घ्या आणि नंतर खाली आणा. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते पहिल्या मानधनातून घ्या.

मिक्सरवरचे दिवे हिरव्यात असावेत आणि किकच्या ठोक्याला एखादा केशरी लागावा, इतकेच. लाल दिवा म्हणजे जोर नव्हे. लाल दिवा म्हणजे आवाजाच्या लहरीचे डोके कापले जात आहे. कमी वाटले तर मास्टर स्वतः वाढवू नका, साउंडवाल्याला सांगा.

वेगाबद्दल. पाहुणा १३० च्या पुढे सुरू करणार असे धरले, तर मी ११२ ते ११४ बीपीएमवर सुरुवात करीन, दहाला ११७-११८, अकराला १२२ आणि सेट सोपवताना १२५ च्या आत. पाहुण्याच्या वेगाशी बरोबरी करायची नाही, त्याच्या चार-पाच पावले मागे थांबायचे. या उरलेल्या पावलांमुळेच त्याचा पहिला ट्रॅक सुरू होताच लोकांना गाडीने गिअर बदलल्यासारखे जाणवते. वेग वाढवतानाही तो कोणाच्या लक्षात येता कामा नये; एका ट्रॅकच्या मध्ये पिच (वेगाची पट्टी) हळूहळू अर्ध्या बीपीएमने वर नेली तर कोणाला कळत नाही, पण एका जोडणीत ११४ वरून १२० वर उडी मारली तर नाचणाऱ्या माणसाचे पाऊल चुकते आणि तो ग्लास उचलायला निघून जातो.

अडीच तास म्हणजे १५० मिनिटे. एक ट्रॅक सरासरी चार-साडेचार मिनिटे ऐकू येतो असे धरले तर साधारण ३५ ट्रॅक लागतात. मी अशा वेळी ९० ते १०० घेऊन जातो आणि त्यांची विभागणी शैलीनुसार करीत नाही. "कोणी नाही", "बारपाशी आहेत", "कडेला आहेत", "चारजण नाचताहेत" आणि "सोपवायचे" अशी पाच फोल्डरे माझ्या पेनड्राइव्हवर गेली दहा वर्षे आहेत. हाउस, डीप हाउस, डब टेक्नो ही नावे दुकानासाठी ठीक आहेत, खोलीकडे पाहताना त्यांचा उपयोग होत नाही.

आता एक क्षण जवळून दाखवतो, कारण सगळे काम अशा क्षणांतच असते. समजा १०:२० झाले आहेत. फ्लोरच्या उजव्या कडेला पाचजणींचा एक गट आहे, त्यांच्या पर्स अजून खांद्यालाच आहेत. त्यांतल्या दोघींचे गुडघे तालावर वाकू लागले आहेत, म्हणजे किक त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे, पण त्या अजून गप्पा मारत आहेत. डावीकडे तिघेजण फोन पाहत उभे आहेत; त्यांच्याकडे आत्ता पाहू नका. नवा डीजे इथे हमखास मोठा ड्रॉप असलेला ट्रॅक काढतो. तसे केले की संगीत एकदम थांबते, आवाज वर चढत जातो आणि सगळ्यांना कळते की आता नाचायचे आहे. रिकाम्या फ्लोरवर सगळ्यांच्या नजरेसमोर नाचायची कोणाचीच तयारी नसते, म्हणून त्या पाचजणी अवघडून हसतात आणि बारकडे जातात.

मी असे करतो. चालू ट्रॅक ११८ वर आहे. पुढचा ट्रॅक असा निवडतो की त्याची किक आधीच्यासारखीच आहे, पण त्यात काँगा या ढोलाचा एक घरंगळता ताल आहे आणि बेसलाइन उशिरा येते. तो हेडफोनमध्ये जुळवून घेतो, त्याचा बेस पूर्ण खाली ठेवतो आणि आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू करतो. या संगीतात ८, १६, ३२ बारची आवर्तने असतात. ज्याने तबला थोडा ऐकला आहे त्याला सम शोधायला शिकवावे लागत नाही. ३२ बार म्हणजे १२८ ठोके, ११८ बीपीएमला साधारण ६५ सेकंद. या ६५ सेकंदांत नव्या ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) इतका हळू वर नेतो की काँगा कधी आला ते कोणी सांगू शकत नाही. पुढच्या समेवर जुन्याचा बेस खाली आणि नव्याचा वर, दोन्ही हात एकाच वेळी. दोन बेस एकत्र अर्धा बारही राहू द्यायचे नाहीत, नाहीतर खोलीत चिखल होतो. मग हात काढून घ्यायचे आणि चार मिनिटे काहीही करायचे नाही. फिल्टर नाही, इको नाही. एव्हाना एका मुलीने पर्स टेबलावर ठेवलेली असते. माझ्या लेखी रात्र इथे सुरू झाली, आणि त्या पर्सेस खांद्यावर परत जाऊ नयेत एवढेच पुढच्या अर्ध्या तासाचे काम.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो जी सहसा कोणी डीजेला शिकवत नाही. असा गट नाचता नाचता अचानक फ्लोर सोडून गेला, तर प्रत्येक वेळी दोष तुमच्या ट्रॅकचा नसतो. दोन-तीन पुरुष त्यांच्या अगदी जवळ सरकले असतील तर त्या निघून जातात, आणि त्यांच्यामागे निम्मा फ्लोर जातो. कन्सोलवरून हे सगळ्यांच्या आधी दिसते. संगीत न बदलता बाउन्सरला किंवा मॅनेजरला खूण करा. हे तुमचे काम नाही असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याचे ऐकू नका.

मॅनेजरकडे येतो. तो चुकीचे बोलत नाही, त्याची भीती वेगळी आहे एवढेच. दहा वाजता दारातून डोकावणाऱ्या गटाला आत काहीच चालू दिसले नाही तर तो शेजारच्या ठिकाणी जातो आणि त्याचे बिल तिकडे फाटते. मॅनेजरला फ्लोर भरलेला नको असतो, त्याला खोली भरलेली हवी असते, आणि या दोन गोष्टींतला फरक त्याला शांतपणे, शनिवारच्या आधी, दुपारी भेटून सांगा. मी स्वतः असे म्हणतो की, "दहापर्यंत लोक बारपाशी थांबतील आणि ऑर्डर देतील, याची जबाबदारी माझी; अकराला फ्लोर चालू असेल; पण दहाला सगळे नाचले तर साडेअकराला घरी जातील आणि ज्या पाहुण्याला तुम्ही विमानाने आणले त्याच्यासमोर कोणी उरणार नाही." बारच्या भाषेत बोललात तर बहुतेक मॅनेजर ऐकतात. त्याला प्रकाशाचीही मदत मागा. दहापर्यंत फ्लोर अंधारा आणि छोटा वाटावा, कडेची दोन-चार उंच टेबले पुढे सरकवावीत, म्हणजे उभी असलेली माणसे आपोआप फ्लोरच्या काठावर येतात आणि दारातून पाहणाऱ्याला खोली भरल्यासारखी दिसते.

तरीही तो ओळखीच्या गाण्यांवर अडून बसला तर? इथे मी तत्त्वनिष्ठ वगैरे नाही. पैसे तो देतो, त्यामुळे आयोजकालाही सोबत घेऊन आधीच ठरवून घ्या की रात्र कोणाची आहे. टेक्नोची रात्र म्हणून तिकिटे विकली असतील तर मधेच हिंदी चित्रपटगीत लावणे ही तिकीट काढणाऱ्याची फसवणूक आहे आणि आयोजकच मॅनेजरला समजावेल. नुसती शनिवारची रात्र असेल, पाहुणा हे निमित्त असेल, तर एखाद्या जुन्या डिस्को किंवा सोल रेकॉर्डचे चांगले हाउस रूपांतर ९:४५ च्या सुमारास वाजवायला माझी हरकत नसते; लोकांना ओळखीचा आवाज मिळतो आणि वेग व पोत बिघडत नाही. मात्र फोनच्या पडद्यावर गाण्याचे नाव लिहून कन्सोलवर नाचवणारा वाढदिवसाचा गट येईलच. त्यांना नाही म्हणताना हेडफोन काढा, डोळ्यांत पाहा, वाढदिवस कोणाचा ते विचारा आणि शुभेच्छा द्या. दहापैकी सातजणांना गाण्यापेक्षा ही दखलच हवी असते. उरलेल्या तिघांसाठी मॅनेजर आहे.

माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०११ साली मुंबईतल्या एका क्लबमध्ये मी एका पाहुण्याआधी वाजवत होतो. तो अत्यंत संयत, विरळ हाउस वाजवणारा माणूस, आणि हे मला ठाऊक होते. पण दहा वाजता फ्लोरवर गर्दी झाली, कोणीतरी हात वर केले आणि माझे भान सुटले. पावणेअकराला मी १२८ वर होतो, एकामागून एक ड्रॉप, लोक ओरडत होते, आणि मला वाटत होते की आज मी जिंकलो. पाहुणा येऊन मागे उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. त्याने माझा शेवटचा ट्रॅक शून्यावर आणला, जवळजवळ पाऊण मिनिट खोलीत नुसता एक बारीक सुस्कारा ठेवला आणि ११८ वर सुरुवात केली. अर्धा फ्लोर सिगारेट ओढायला बाहेर गेला आणि साडेबारापर्यंत परत आला नाही. लोकांचा दोष नव्हता, त्याचा तर नव्हताच. मी सगळ्यांना थकवून ठेवले होते. त्या आयोजकाने मला पुढचे आठ महिने बोलावले नाही, आणि का ते विचारायची गरज मला पडली नाही.

तयारीतल्या किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी. दोन पेनड्राइव्ह न्या, दोन्हींवर तोच संग्रह रेकॉर्डबॉक्स या डीजे-सॉफ्टवेअरमधून नीट एक्स्पोर्ट केलेला असावा आणि दोन्ही फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले असावेत, कारण जुनी यंत्रे एक्सफॅटसारखे प्रकार वाचत नाहीत. फाइली वेव्ह, एआयएफएफ किंवा ३२० च्या एमपी-३ असाव्यात. फ्लॅक फाइल जुन्या सीडीजे-२००० या प्लेयरवर चालत नाही आणि हे तुम्हाला ८:५५ ला कळणे बरे नव्हे. हेडफोनचा मोठा जॅक खिशात ठेवा. क्लबचे मुख्य स्पीकर कन्सोलपासून ७ मीटरवर असतील तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत २० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणून ताल जुळवताना भरवसा बूथ मॉनिटरवर ठेवा, समोरून येणाऱ्या आवाजावर नव्हे. पाहुण्याचे स्वतःचे ट्रॅक वाजवू नका. हे आदर म्हणून केल्यासारखे वाटते, पण त्याने ते रात्रीसाठी राखून ठेवलेले असू शकतात.

सोपवण्याची दहा मिनिटे. पाहुणा अकराच्या सुमारास येईल, त्याला पाणी विचारा आणि मग एकच प्रश्न विचारा, "तुम्हाला किती वेगावर आणि कशा प्रकारच्या ट्रॅकवर घ्यायला आवडेल?" बहुतेक जण या प्रश्नानेच सैल होतात. तुमचा शेवटचा ट्रॅक लांब निवडा आणि त्याची किमान चार मिनिटे शिल्लक असताना बाजूला व्हा. त्याआधी मोकळ्या चॅनेलची सगळी बटणे मधोमध आणा, फिल्टर आणि इफेक्ट बंद करा, ट्रिम (चॅनेलमध्ये येणाऱ्या आवाजाचे बटण) खाली घ्या आणि मास्टरला हात लावू नका. त्याचा पहिला ट्रॅक पूर्णपणे बाहेर ऐकू येऊ लागेपर्यंत तुमचा पेनड्राइव्ह काढायचा नाही, आणि काढताना यंत्राचे स्टॉपचे बटण दाबून धरायचे. घाईत उपसलेल्या पेनड्राइव्हमुळे एकच ठोका अडकून वाजत राहिलेला मी पाहिला आहे आणि त्या वेळी सगळा क्लब कन्सोलवर उभ्या असलेल्या दोन माणसांकडे पाहत असतो. माइकवर आभार मानू नका. शेवटचा ट्रॅक कसाही गेला असो, टाळ्यांसाठी थांबू नका.

राहिला मित्रांचा प्रश्न. अवश्य बोलवा, पण साडेनऊला बोलवा, अकराला नव्हे; अकराला तुम्हाला त्यांची गरज नसते आणि गेस्टलिस्ट बहुतेक ठिकाणी साडेदहा-अकराला बंद होते, मग तुम्ही ट्रॅक जोडत असताना दारावरून त्यांचे फोन येऊ लागतात. पंधराजणांची यादी देऊ नका, सहा-सात पुरे. त्यांना दोन गोष्टी बजावून ठेवा. कन्सोलभोवती कोंडाळे करून उभे राहायचे नाही, कारण अशी पाठमोरी भिंत पाहिली की अनोळखी माणसाला ही दुसऱ्याच कोणाची खाजगी पार्टी वाटते. आणि फ्लोरच्या मध्यावर नाचायलाही यायचे नाही, त्याऐवजी बार आणि फ्लोर यांच्या मधल्या पट्ट्यात उभे राहायचे, जिथे येणारी-जाणारी माणसे त्यांच्या आसपास आपोआप थांबतील. तुमचा सेट संपला की तुम्हीही तिथेच जाऊन उभे राहा आणि निदान अर्धा तास पाहुण्याला ऐका, कारण १०:२० ला पर्स टेबलावर ठेवणाऱ्या त्या पाचजणी अजून फ्लोरवर आहेत की नाहीत, ते कन्सोलवरून नव्हे तर तिथूनच दिसते.